खाली बसून काढलेलं चर्च

शाळेच्या भिंतीवर हत्ती काढताना दैवशालाचा हात कधी अडला नाही. जाफराबाद तालुक्यातल्या एकोणीस शाळांच्या भिंती तिनं बोलत्या केल्या होत्या. बाराखडी, पाढे, पचनसंस्था, वाघ, मोर, काय म्हणाल ते. एका सरपंचानं हट्ट धरला म्हणून सूर्यमालेत एक जादा ग्रहसुद्धा काढून दिला. त्याचं म्हणणं, एवढी मोकळी जागा कशाला वाया घालवायची! भिंत पुरी झाली की खाली नावं यायची. सरपंचाचं, मुख्याध्यापकांचं, सौजन्य म्हणून खताच्या दुकानाचं. उन्हात शिडीवर चढून मान मोडेस्तोवर रंगवणारीचं नाव मात्र कुणाला आठवायचं नाही. ती मनातल्या मनात चिडायची, ब्रश धुवायची आणि घरी यायची.

म्हणून जालन्याहून मुकुल साळवे सरांचा फोन आला तेव्हा ती एका पायावर तयार झाली. साळवे सर म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर, आणि जुन्या जालन्यातल्या एका चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. चर्चला शंभर वर्षं पुरी होत होती आणि कमिटीला चर्चच्या आतलं मोठं चित्र हवं होतं, सहा फूट बाय चार फूट, कायमचं लावायला. निम्मे लोक म्हणत होते, फोटो काढा, फ्लेक्स छापा, एका दिवसाचं काम. सर म्हणत होते, फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो, चित्र माणसाच्या हातचं पाहिजे. शेवटी ठरलं ते असं: चित्र काढून बघायचं, पसंत पडलं तर लावायचं, नाही पडलं तर फ्लेक्स.

"आणि नाव, सर?" दैवशालानं फोनवरच विचारलं.

"कुणाचं नाव?"

"माझं. चित्राच्या खाली."

सर हसले. "चित्र लागलं तर नाव लागेलच की ताई."

झालं! दैवशाला त्या दिवशी भाकरी तव्यावर टाकून विसरली, दोन भाकरींचा कोळसा झाला. नवरा कल्याण जाफराबाद-जालना जीप चालवायचा. तो म्हणाला, "चर्चमधी हत्ती काढू नको म्हंजे मिळवली." सासरे काकासाहेब ओसरीवर पेपर वाचत बसले होते. ऐंशीला टेकलेले, गावातले जुने जमीनदार, पांढरी टोपी झोपतानाच काय ती उतरायची. त्यांनी पेपरातून डोकंही वर न काढता सांगितलं, "कर, पण असं कर की घराण्याला कुणी नावं ठेवू न्हाई."

ती पहिल्यांदा चर्चच्या आत गेली तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. बाहेरून ती इमारत तिनं शंभरदा बघितली होती. जालन्यात मस्तगडच्या बाजाराला रंग घ्यायला जाताना चिंचेच्या मागं एक काळी दगडी भिंत दिसायची, बस. आत काय असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. तिनं सवयीनं दारात चपला काढल्या. सर म्हणाले, "असू द्या पायात, आमच्यात चालतं." ती म्हणाली, "आमच्यात न्हाई चालत सर," आणि अनवाणीच आत पाऊल टाकलं.

आणि जागच्या जागी थांबली. आई गं! केवढी ती उंची! मान वर करता करता डोक्यावरचा पदर खाली आला तरी छत संपेना. दोन्ही बाजूंना पांढरे गोल खांब, खांबांवर कमानी, कमानींच्या वर उंच उंच खिडक्या. आणि आत काय? काही नाही. मूर्ती नाही, तसबीर नाही, घंटा नाही, फुलं नाहीत. लाकडी बाकांच्या रांगा, समोर एक साधी वेदी, तिच्यावर लाकडाचा क्रूस. बाकी सगळी पांढरी, रिकामी, स्वच्छ जागा. तिला माहीत असलेल्या देवळांत गाभारा अंधारा आणि एवढाएवढासा. वाकून आत जायचं, समईच्या उजेडात देव शोधायचा. इथं उजेडच उजेड, आणि देव कुठं दिसेना.

"सर, नमस्कार कुठं करायचा?" तिनं सरळ विचारलं.

सर काही बोलायच्या आत उजव्या हाताच्या उंच खिडक्यांतून ऊन आत आलं. साडेनऊ झाले असतील. उन्हाचे पाच पट्टे तिरपे उतरले, बाकांवरून सरकत डाव्या बाजूच्या खांबांना जाऊन टेकले, आणि ते चुन्याचे साधे खांब असे उजळले की दैवशालाच्या अंगावर सर्रकन काटा आला. हात आपोआप जोडले गेले. कुणाकडे तोंड करून जोडले ते तिलाही सांगता आलं नसतं.

"हे काढायचंय मला!" ती जवळजवळ ओरडलीच. त्या मोकळ्या जागेत आवाज केवढा तरी घुमला आणि ती ओशाळली. सर खूष झाले.

आता बसायचं कुठं? इथंच सगळं रामायण घडलं, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. देवाच्या बरोब्बर समोर बसायचं नाही, बाजूला बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दर्शन अडता कामा नये, हे तिला लहानपणापासून माहीत. म्हणून ती डाव्या बाजूला चौथ्या खांबापाशी गेली. आणि देवाच्या घरात उंच आसनावर बसायचं नाही, हेही माहीत. म्हणून तिनं खाली फरशीवर मांडी घातली. सरांनी खुर्ची आणू का विचारलं. ती म्हणाली, "नको सर, मी खालीच बरी." सर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मग आपल्या कामाला गेले.

पुढचे पाच आठवडे काय विचारता! कल्याणच्या पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसून ती जालन्याला यायची, दुपारच्या फेरीनं परत. चर्चला लागून एक खोली होती, तिथं कॅनव्हास उभा केला होता. सकाळी खांबापाशी बसून कागदावर टिपायचं आणि मग खोलीत जाऊन कॅनव्हासवर उतरवायचं, असा क्रम. पहिल्या आठवड्यात काही जमेना. भिंतीवर काढायची ती सवय आड येऊन राहिली. शाळेच्या भिंतीवर जो महत्त्वाचा तो मोठा. मोर मोठा, माणूस बारका, शेंगदाण्याची शेंगसुद्धा माणसाएवढी. इथं तसं केलं की चर्च एकदम देवघराएवढं व्हायचं. बाक एकमेकांच्या अंगावर पडायचे. रडकुंडीला आली होती बिचारी.

मग एके दिवशी तिनं आपली दोरी काढली. भिंत रंगवणाऱ्यांची ही साधी युक्ती असते. दोरी निळीत भिजवायची, दोन टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत धरून फटकन सोडायची. भिंतीवर सरळ निळी रेघ उठते. तिनं कागदावरच्या एका बाकाच्या कडेवर दोरी धरली आणि पुढं वाढवली. मग दुसऱ्या बाकाच्या कडेवर. मग खांबांच्या पायथ्यांवर, मग खिडक्यांच्या खालच्या पट्टीवर. आणि तिचे डोळेच फाटले. सगळ्या रेघा पुढं जाऊन एकाच जागी मिळत होत्या! तिनं धावत जाऊन कॅनव्हासच्या मागं फळी लावली, त्या जागी एक खिळा ठोकला, खिळ्याला दोरी बांधली आणि फिरवायला लागली. वर फिरव, छत बराबर. खाली फिरव, फरशी बराबर. डावीकडं खांब, उजवीकडं बाक, सगळं त्या एका खिळ्यातून निघत होतं आणि त्या एका खिळ्यात परत जात होतं.

तिनं तिथूनच कल्याणला फोन लावला. "अहो, सगळं एका खिळ्यात जाऊन राह्यलंय!"

"कुणाच्या पायात गेला?" कल्याण घाबरून जीप बाजूला घ्यायला लागला. मागच्या पॅसेंजरांनी कालवा केला.

"पायात न्हाई हो! चर्च! चर्च खिळ्यात जाऊन राह्यलंय!"

"दैवशाला, तू आज चहा पिली का न्हाई?"

आता अशा माणसाला काय सांगणार! पण त्या दुपारी तिला आणखी एक गोष्ट उमगली आणि त्यापायी ती रात्रभर तळमळली, आनंदानं. चर्चच्या मापानं मोजलं तर खिळा चित्रातल्या फरशीपासून किती उंचीवर येत होता? अडीच फूट. आणि ती मांडी घालून बसली की तिचा डोळा किती उंचीवर? अडीच फूट. म्हणजे खिळा जिथं, तिथं बघणाऱ्याचा डोळा! अख्खं चर्च, शंभर वर्षांचं, एवढं उंच, तिच्या डोळ्याच्या उंचीपासून मोजलं जात होतं. तिचा डोळा खाली होता म्हणून छत तसं आभाळाला भिडत होतं. एवढी मोठी जागा आणि तिचं माप काय, तर एक खाली बसलेली बाई!

रेघा जमल्या आणि मग उजेडाच्या मागं लागली. पांढरा डबा उघडला की पांढरं होत नाही, हे तिला तिथं कळलं. खांबाची उन्हातली बाजू ताकासारखी, सावलीतली निळसर, खालच्या अंगाला फरशीची लाली चढलेली, आणि कमानीच्या आत तर चक्क हिरवट, बाहेरच्या चिंचेची. तिनं मोजले तर अकरा पांढरे भरले. तिनं एकटीनंच टाळी वाजवली. चर्च झाडायला येणाऱ्या कांताबाईंना ओढत आणून तिनं दाखवलं, "मावशी, ह्यो खांब कोणत्या रंगाचाय?" कांताबाई म्हणाल्या, "चुन्याचाय की." "नीट बघा." कांताबाईंनी झाडू टेकवून नीट बघितलं. मग म्हणाल्या, "आगं माय! ह्याला तर रंगच रंग हायेत!" आणि त्या दिवसापासून झाडता झाडता मधेच थांबून खांबांकडं बघायला लागल्या. ऊन खांबाला टेकायचं ती दहा-बारा मिनिटं दैवशाला काढायचीसुद्धा नाही. नुसती बसून राहायची. देव कुठं दिसत नाही ही तक्रार तिनं कधी सोडून दिली तेही तिला कळलं नाही.

चित्र झालं. कार्यक्रमाला दहा दिवस होते. सर एकटेच बघायला आले. ती कॅनव्हासच्या बाजूला उभी राहिली. मनात तर सही कुठल्या कोपऱ्यात करायची तेही ठरलं होतं.

सर बघत राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग, तिला स्पष्ट दिसलं, हळूहळू मिटत गेला.

"ताई, हे कुठून काढलंय?"

"चौथ्या खांबापासून, सर."

"ते नाही. हे बाक असे उंच का आलेत? पाठी डोक्याच्या वर चालल्यात."

"खाली बसून काढलं ना, सर."

"हे नाही चालणार," सर म्हणाले. "पुन्हा काढा. मधल्या दारातून, उभं राहून, समोरून. नाहीतर मग फ्लेक्स."

दैवशाला कॅनव्हासच्या पुढं आली. "पण सर, खाली बसल्यावरच तर एवढं मोठं दिसतं. देवापुढं माणसानं खालीच बसावं की."

सर इतका वेळ शांत होते. आता त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "ताई, तुमच्या घराला ओसरी आहे?"

"हाय."

"आमच्या आजोबांना गावात कुणाच्या ओसरीवर बसता येत नव्हतं. अंगणात, पायरीच्या खाली, मातीत. उन्हात बसवून ठेवायचे तासन् तास. ते या चर्चमध्ये आले तेव्हा पाळकसाहेबांनी, म्हणजे इथल्या पाद्रींनी, त्यांना काय सांगितलं माहिती आहे? बाकावर बसा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, वर बसा. आजी सांगायची, ते बाकावर बसले आणि उपासना संपेपर्यंत नुसते रडत होते." सरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला खाली बसण्यात भक्ती दिसते. बरोबर आहे, तुम्हाला कुणी बसवलेलं नाही, तुम्ही आपल्या मनानं बसता. आम्हाला खालून वर यायला तीन पिढ्या लागल्या. आणि तुम्ही शंभराव्या वर्षी आम्हाला परत फरशीवर नेऊन बसवताय."

सर निघून गेले.

परतीच्या जीपमध्ये ती बाहेर बघत बसली. कल्याणनं दोनदा चिडवायचा प्रयत्न केला आणि मग त्यानं नुसती जीप हाकली. घरी आली तर काकासाहेब रोजच्यासारखे ओसरीवर. ती पायरीपाशीच थांबली. वीस वर्षं ती ही पायरी चढत-उतरत होती, रोज सकाळी सडा टाकत होती. आज पहिल्यांदा तिनं पायरीच्या खालची माती बघितली.

"मामा, आपल्या ओसरीवर समदे बसायचे का हो, पहिले?"

काकासाहेबांनी पेपर खाली केला. तिच्याकडं बघितलं. पेपर परत वर केला. मग घडी घातली, उठले आणि म्हशीला पाणी पाजायला निघून गेले. म्हशीला पाणी तर मघाशीच दाखवून झालं होतं.

तिला उत्तर मिळालं. ती रात्री जेवली नाही. राग येत होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. सरांचा म्हणावा तर ते खोटं काय बोलले? चित्र पुसून मधल्या दारातून काढणं काही अवघड नव्हतं. खिळा उपटायचा, वर ठोकायचा, आठ दिवसांत होतं. चित्र लागलं असतं, नाव लागलं असतं. पण ते चर्च तिनं कधी बघितलंच नव्हतं! तिनं बघितलेलं चर्च खालूनच उंच होतं. पडल्या पडल्या तिनं पुन्हा ते चित्र डोळ्यांपुढं आणलं, बाक उंच, पाठी उंच, रिकामे... आणि ती ताडकन उठून बसली. रिकामे! अगं बाई, रिकामे बाक!

सकाळी पहिल्या फेरीला ती जालन्यात होती. सरांच्या दारात उभी राहिली आणि चहा-पाणी नको म्हणून सरळ बोलायला लागली, जीप चुकल्यासारखी धापा टाकत.

"सर, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेतलं न्हाई, ही चूक माझीच. पण खिळा मी हलवणार न्हाई. खिळा जिथं, तिथं बघणाऱ्याचा डोळा, सर. चित्र नको असंल तर मी घरी घेऊन जाते, फ्लेक्स लावा, माझं कायबी म्हणणं न्हाई. पण त्याच्या आधी एक ऐका. खाली कोण बसलंय? मी! तुम्ही न्हाई. जो चित्र बघंल तो खाली बसंल. बाक वर आहेत. तर मंग बाकावर कोण बसलंय ते मला काढू द्या."

सर दारातच उभे. "म्हणजे?"

"तुमचे आजोबा बाकावर बसवते. पहिल्या दिवशी बसले तसे. खालून बघणाऱ्याला त्यांच्याकडं मान वर करूनच बघावं लागंल. माझ्या सासऱ्यालाबी, आन् मलाबी." तिनं हातानंच बाकाची उंची दाखवली. "बाक उंच आलेत म्हणता ना सर? येऊ द्या उंच. ती उंची त्यांचीच हाय."

सर बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. समोरून एक टेंपो गेला, भाजीवाला गेला. इथं 'नाही' आलं तर संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"फेटा बांधायचे," सर एकदम म्हणाले.

"आँ?"

"केशव नाव होतं त्यांचं. फेटा बांधायचे. आता तुम्ही लोक पांढरा काढाल. पांढरा नव्हता. गुलाबी होता."

दैवशाला दारातच नाचायची बाकी राहिली. ती धावत चर्चच्या खोलीत गेली आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर आली नाही. तिसऱ्या बाकावर, उन्हाच्या पट्ट्यात, तिनं एक म्हातारा माणूस बसवला. पाठ ताठ, हात मांडीवर. सहा फुटांच्या चित्रात तो बोटाच्या दोन पेरांएवढा होता आणि फेटा तर वालाच्या दाण्याएवढा. पण तो गुलाबी ठिपका टेकला आणि अकराच्या अकरा पांढरे रंग जागे झाले! छत आणखी वर गेलं. खांब मागं सरले. तो माणूस तिथं नव्हता तोवर चर्च नुसतं मोठं होतं, आता ते कुणासाठी तरी मोठं झालं. मग तिनं त्याच्या बाजूला एक बाई बसवली, पलीकडं आणखी दोघं, एका मुलीचं नुसतं डोकं. तीन दिवसांत बाक भरले.

चौथ्या दिवशी सर आले. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडं, मग पुन्हा चित्राकडं. गुडघेदुखीचा माणूस, पण भिंतीला हात धरून फरशीवर बसले. बसल्याबरोबर त्यांची मान वर झाली.

"आजोबा!" ते म्हणाले, आणि चष्मा काढला. दैवशाला हळूच खोलीबाहेर जाऊन उभी राहिली, कारण हेडमास्तर माणसाला रडताना बघणं बरं नव्हे. बऱ्याच वेळानं आतून हाक आली, "ताई, सही करा. चांगली मोठी करा. आणि हे चित्र वर टांगायचं नाही. खिळा जिथं, तिथं डोळा म्हणता ना? मग तुमचा खिळा फरशीपासून अडीच फुटांवर आला पाहिजे."

कमिटीत यावरून गदारोळ झाला. एवढ्या खाली कुणी चित्र लावतं का, पोरं हात लावतील, कांताबाईंचा झाडू लागेल. कांताबाईंनी ठणकावून सांगितलं की माझा झाडू कुठं लागतो ते मी बघते, तुम्ही तुमचं बघा. सर म्हणाले, लागलं तर असंच लागेल. आणि लागलं.

शंभरीच्या रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. उपासना झाली, गाणी झाली, चित्रावरचा पडदा काढला. लोक पुढं आले आणि उभ्या उभ्या बघायला लागले. काहीतरी चुकतंय असं सगळ्यांच्या तोंडावर. मग कुणी वाकलं, कुणी गुडघ्यावर आलं. एका बाईनं सरळ बसकण मारली आणि ओरडली, "अगं बसा गं, बसल्यावर दिसतंय! केवढं उंच दिसतंय!" मग काय, धडाधड सगळी मंडळी खाली! रेशमी साड्या, सफारी, पोरंटोरं, पाळकसाहेबसुद्धा झगा सावरत. आणि बसलेल्या प्रत्येकाची मान वर. "तो बघ, गुलाबी फेट्याचा!" "खाली नाव बघ, दैवशाला! जाफराबादची बाई हाय म्हणं!" दैवशाला खांबाला धरून उभी होती. हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदमच. कल्याण कानात म्हणाला, "आता हत्ती काढला तर मी खालीच बसून बघीन." तिनं त्याला कोपर मारलं.

गर्दी पांगली, लोक जेवणाच्या मांडवाकडं गेले, तेव्हा दारात काकासाहेब दिसले. कल्याणच्या जीपमध्येच आले होते, पण इतका वेळ बाहेर चिंचेखाली थांबले होते. त्यांनी जोडे काढले, आत आले आणि कुणी न सांगता चित्रासमोर फरशीवर बसले. सर चित्राजवळच्या बाकावर होते. "हे आमचे सासरे, काकासाहेब," दैवशालानं सरांना सांगितलं.

"ह्यो फेट्याचा कोण?" काकासाहेबांनी विचारलं.

"माझे आजोबा. केशव साळवे."

काकासाहेब मान वर करून बघत राहिले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. दैवशालानं त्यांचं उघडं डोकं एवढ्या उजेडात कधी बघितलं नव्हतं.

"काकासाहेब, फरशी गार आहे," सर म्हणाले. "वर बसा."

"बसू द्या मला जरा." काकासाहेब म्हणाले. "मी आठ वर्षांचा होतो. एक म्हातारा माणूस आल्ता आमच्याकडं, सत्तरीचा आसंल. पाय दुखत होते म्हणून पायरीवर टेकला. मी त्याला म्हणलो, ए, खाली बस. आठ वर्षांचं पोरगं! आन् तो बसला हो. मला 'जी' म्हणून बसला. आमच्या घरच्यांनी माझं कौतुक केलं. त्याचं नावबी मला माहीत न्हाई."

बाहेर मांडवात ताटं वाजत होती. सर खाली वाकले, त्यांनी काकासाहेबांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवलं.

"बसलात तेवढं पुरे," सर म्हणाले. "या."

आणि बाकावर सरकून त्यांनी एका माणसाची जागा केली.